पोहोचल्याचं पत्र

निरोप समारंभांचा मला तिटकारा आहे. ज्याला घालवायचं त्याच्याच गळ्यात हार घालायचा, त्याच्याच खांद्यावर शाल टाकायची, आणि घालवणाऱ्यांनी पहिल्या बाकावर बसून रुमालाने डोळे टिपायचे. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांचा निरोप समारंभही असाच झाला. फरक एवढाच की त्या दिवशीचं मानपत्र मी लिहिलं होतं, आणि त्या मानपत्रात मी माझ्या धाकट्या भावाला मारून टाकलं होतं.

नीट सांगते.

खिदिरपूरच्या गोदीपासून पायी दहा मिनिटांवर एक जुनं इंग्रजी चर्च आहे. ते आमचं नव्हे. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार ते सहा, ते आम्हाला उसनं मिळायचं. सकाळच्या लोकांची फुलं तोवर माना टाकून बसलेली असायची आणि सहाला पाच मिनिटं कमी असताना चौकीदार दारात उभा राहून चाव्या वाजवायला लागायचा. त्या दोन तासांत आमची मराठी उपासना. तीस-पस्तीस माणसं. कुणी कस्टम्समध्ये, कुणी रेल्वेत, दोघी नर्स, आणि पलटणीतून निवृत्त होऊन बराकपूरलाच राहून गेलेली तीन-चार कुटुंबं. बहुतेक सगळी मूळची नगर जिल्ह्यातली. इथे जन्मलेली पोरं गीतं बंगाली अक्षरांत उतरवून आणायची आणि त्यावरून मराठी गायची. कलकत्त्यातले बाकीचे मराठी लोक, बँकांतून बदलून आलेले किंवा तीन पिढ्या इथेच मुरलेले, गणपतीला आम्हाला आग्रहाने बोलवायचे. आम्ही जायचो, आरतीला मागे उभे राहायचो, मोदक खाऊन यायचो. त्यांचा राग नाही. पण माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, बंगाली बाजारापुरतं आणि हिंदी त्याहून कमी. चारचौघांत मोकळं बोलणं म्हणजे तिच्यासाठी हे महिन्याचे दोन तास.

आमच्या उपासनेत एक रीत होती. प्रवचन झालं की पाळकसाहेब शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवलेला एक कागद काढायचे आणि नावं वाचून प्रार्थना करायचे. आधी आजारी. मग परीक्षेला बसलेले. मग बाळंतपणाला गेलेल्या. शेवटी प्रवासात असलेले. नगरला जायचं म्हणजे दोन रात्री गाडीत, वर गाड्या बदलायच्या, म्हणून निघणाऱ्याच्या पिशवीत घरचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घालून द्यायचं. त्याने पोहोचल्या दिवशी त्यावर दोन ओळी लिहायच्या. ते पत्र पुढच्या तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब मोठ्याने वाचायचे, मंडळी एक कडवं गायची, आणि मग नाव खोडलं जायचं. पत्र आल्याशिवाय खोडायचं नाही, हा नियम. एकदा एक काका नगरहून परत येऊन समोर बाकावर बसले होते तरी त्यांचं नाव प्रवाशांत वाचलं गेलं, कारण पत्र टाकायला ते विसरले होते. काका उठून म्हणाले, "पोहोचलो हो मी!" पाळकसाहेब म्हणाले, "पत्र दाखवा."

मला हा सगळा भाबडेपणा वाटायचा. मी चोवीस वर्षांची होते. देव कॉलेजातच सोडला होता. खटल्याशिवाय डांबलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या समितीची पत्रकं मी लिहायचे, इंग्रजीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या बंगालीत, आणि एस्प्लनेडला ट्रामच्या थांब्यावर उभी राहून वाटायचे. पत्रक लिहिण्याची एक शिस्त असते. वाक्य आखूड हवं. आरोप पहिल्या ओळीत हवा. आणि 'कदाचित' हा शब्द चालत नाही. ऑफिस सुटलेला माणूस 'कदाचित' वाचायला थांबत नाही.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला ह्या कामात मी ओढलं. हे वाक्य मी मुद्दाम आखूड ठेवते आहे. आधी तो सायकलवरून पत्रकांचे गठ्ठे न्यायचा, मग माझ्यापेक्षा जहाल पोरांत बसायला लागला, मग घरी यायचा तो नुसता जेवायला. डिसेंबरात एका सकाळी आई स्टोव्हला पंप मारत असताना चार माणसं दारात आली. दोघं खाकीत, दोघं साध्या कपड्यांत. दोन प्रश्न विचारायचे आहेत, तासाभरात सोडतो. भाऊ चपला घालत होता. आई म्हणाली, "चहा तरी घेऊन जा रे." तिच्या हातातल्या कपाकडे बघून त्यांच्यातला एक हसला. "एशे खाबे, माशिमा." आल्यावर घेईल, मावशी.

ठाण्यावर म्हणाले, आम्ही कुणाला आणलंच नाही. वही उघडून दाखवली. वहीत नाव नव्हतं. दुसऱ्या ठाण्यावरही तेच, वही तेवढी वेगळी. पपा कस्टम्समध्ये, क्वार्टर सरकारी. ते एकदा आमच्याबरोबर आले, पुन्हा आले नाहीत, आणि त्यानंतर घरात बोलायचेच बंद झाले. आईच्या शेजारी ठाण्याच्या पायरीवर बसायला आले ते पाळकसाहेब. साठीचे, ठेंगणे, दमेकरी. आईला सुपारी कातरून द्यायचे आणि हवालदाराला विचारायचे, "साहेब आले का?" किती दिवस, ते मी मोजलेलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या भावाचं नाव वाचलं. प्रवासात असलेल्यांत.

आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे डिसेंबरनंतर मी पाहिलं नव्हतं. मला संताप आला. पुढच्या महिन्यात मी स्वतः गेले, ऐकलं, आणि उपासना संपल्यावर मागच्या खोलीत त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, हे खोटं आहे. तो प्रवासाला गेलेला नाही. त्याला नेलंय."

ते झगा काढून त्याची घडी घालत होते. "मग कुठे वाचू? आजाऱ्यांत?"

"कैद्यांत वाचा. शास्त्रात कैदी आहेत की."

"आहेत. पण कैदी म्हणायला कुणीतरी कबूल व्हावं लागतं, की हो, मी धरलाय. इथे कोण कबूल आहे?" त्यांना धाप लागली म्हणून ते थांबले. "तो घरातून निघाला आणि पोहोचल्याचं पत्र आलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे पोरी. तेवढंच वाचतो."

"ही पळवाट आहे."

"असेल. तुझ्या आईला दुसरी वाट दाखव. हा कागद मी आत्ता फाडतो."

मला दाखवता आली नाही. त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला, मनात.

ही पळवाटसुद्धा काही लोकांना बघवेना. त्या महिन्यापासून शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसायला लागला होता. गीताला उभा राहायचा, प्रार्थनेला डोळे उघडे. तो कोण हे न सांगता सगळ्यांना कळलं. मंडळीचे सेक्रेटरी आमचे सुभेदारकाका, बराकपूरचे, पलटणीत आयुष्य गेलेले. त्यांचा मुलगा नुकताच सरकारी कारखान्यात लागला होता आणि त्याची पोलीस चौकशी व्हायची होती. एप्रिलमध्ये उपासनेनंतर चहाच्या वेळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चार महिने कुठली गाडी चालते हो, पाळकसाहेब? एव्हाना विलायतेला लागली असती!"

दोघं-तिघं हसले. आई किटली घेऊन उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला. सुभेदारकाकांनाही दिला, बशी पुसून.

मे महिन्यात वरच्या कमिटीकडून पत्र आलं. तीस माणसांसाठी पाळक ठेवता येत नाही. नगरकडे एका गावाला पाळक नाही, तिथे जावं. कलकत्त्याला नवा कुणी येणार नाही, उपासना सेक्रेटरींनी चालवावी. तिसऱ्या रविवारी निरोप, बुधवारी गाडी.

मी सुभेदारकाकांना तोंडावर विचारलं, "तुम्ही लिहिलंत ना वर?"

"लिहिलं. इथली हवा बरी नाही, म्हाताऱ्या माणसाला गावाकडे बोलवून घ्या, असं लिहिलं. आणि खाली सही केली." ते मिशीतल्या मिशीत हसले. "तुझ्या पत्रकांवर कुणाची सही असते गं?"

पत्रकावर सही नसते.

लोकांना पाळकसाहेब जाणार म्हणून वाईट वाटत होतं. लग्नं लावणारे, पोरांना मराठी वाचायला शिकवणारे, दवाखान्यात डबा नेणारे ते एकटेच होते. आईला मात्र एकच प्रश्न पडला होता. ती पोळ्या लाटताना विचारायची, कपडे वाळत घालताना विचारायची. "आता त्याचं नाव कोण वाचणार?" मी म्हणायचे, "आई, नाव वाचून तो येणार आहे का?" ती म्हणायची, "ते मी विचारलं नाही."

मानपत्र लिहायचं काम माझ्यावर आलं, तेही सुभेदारकाकांच्या तोंडून. "एवढा कागद काळा करतेस, एकदा काही चांगलं लिही." निरोपाला मानपत्र हवंच. ते छापायचं, सगळ्यांना वाटायचं, आणि एक प्रत जाड कागदावर काढून, चौकट करून, जाणाऱ्याच्या हातात द्यायची. मी लिहायला बसले. 'आपल्या प्रेमळ सहवासाची शिदोरी' वगैरे चार परिच्छेद लिहिले आणि मला स्वतःचीच किळस आली. मग पाचवा परिच्छेद लिहिला. त्यात असं होतं: 'आमच्या मंडळीतल्या एका तरुणाला पोलिसांनी घरातून नेलं आणि ठार मारलं, तेव्हा भीतीने घरात बसलेल्या आम्हा सर्वांच्या वतीने आपण एकटे त्याच्या आईबरोबर ठाण्याच्या पायरीवर बसलात.'

ठार मारलं. पुरावा काय होता? सुटून आलेल्या एका पोराने समितीत येऊन सांगितलं होतं की त्याच आठवड्यात एका रात्री चौघांना आतून बाहेर काढलं आणि परत आणलं नाही. चौघांची नावं त्याला माहीत नव्हती. पुरावा एवढाच. मी ते घरी सांगितलं नव्हतं. तीन महिने पोटात ठेवलं होतं आणि त्यातलं 'कदाचित' त्या काळात कधी गळून गेलं, मला समजलं नाही.

छापखाना बडाबाजारच्या गल्लीतला, हिंदीचा. आमची हिंदी पत्रकं तिथेच निघायची. अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हातारा माझा कागद बघून म्हणाला, "दीदी, ये अक्षर हमारे यहाँ नहीं है." त्याने 'ळ'वर बोट ठेवलं होतं. पाळक, मंडळी, प्रेमळ, सगळीकडे तोच. शेवटी ठरलं की तो तिथे जागा सोडेल आणि आम्ही घरी शाईने भरू. शनिवारी दुपारी चाळीस प्रती घेऊन मी घरी आले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आईचं मोत्यासारखं, नगरच्या मिशन शाळेतलं. मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला, दौत आणि टाक ठेवला, आणि काच-चौकट आणायला एस्प्लनेडला निघून गेले.

लोक विचारतात, तुला कळलं नाही का, जी अक्षरं भरणार ती वाचणारच? मला वाटतं कळलं होतं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी ते छापलं आणि तिच्यापुढे टाकून पळाले.

परत आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. आई टेबलाशी ताठ बसली होती. गठ्ठा नीट रचलेला. प्रत्येक प्रतीत प्रत्येक रिकाम्या जागी देखणा 'ळ' बसला होता. आणि प्रत्येक प्रतीत पाचव्या परिच्छेदात अडीच ओळींवर काळी पट्टी होती. फराटे नव्हते. पट्टी धरून आखल्यासारखी, कडा सरळ. चाळीसच्या चाळीस. तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"आई—"

"त्यांनी मारलं की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू मारलंस. चाळीस वेळा."

"आई, मला कळलंय की—"

"काय कळलंय? तू बघितलंस?"

"नाही."

"मग कुणी बघितलं?"

मी त्या पोराचं सांगितलं. चौघांचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यात आपला होता असं तो म्हणाला?"

"म्हणाला नाही."

"मग?" ती उठली, मोरीत जाऊन हात घासायला लागली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आतून म्हणाली, "माझं लेकरू अजून प्रवासात आहे. त्याला उतरवायचा अधिकार तुला नाही."

पपा दुसऱ्या खोलीत खुर्चीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत.

नवीन छापायला वेळ नव्हता. रविवारी तेच मानपत्र वाटलं गेलं. चर्चमध्ये झेंडूचे हार, पेटी, आईने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा, कुणीतरी आणलेली संदेश मिठाई. सुभेदारकाका प्रत बघून म्हणाले, "हे काय? सेन्सॉर?" आणि मग खालच्या आवाजात, "बरं केलंस. अक्कल आली." त्यांना वाटलं मीच खोडलं. मी त्यांना तसं वाटू दिलं. शेवटच्या बाकावरच्या माणसाने एक प्रत मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि घडी घालून खिशात ठेवली.

मी मोठ्याने वाचलं. काळ्या पट्टीशी आले आणि थांबले. पुढे जायला हवं होतं, पण खोडलेले शब्द मला पाठ होते. पाळकसाहेब समोर बसले होते, गळ्यात तीन हार. त्यांच्याकडेही एक प्रत होती. त्यांनी ती उलटी केली आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवायला लागले. छपाईत खिळ्यांचा दाब मागे उठतो. पुढून कितीही शाई ओता, पाठीमागून अक्षरं हाताला लागतात. त्यांचं बोट हळूहळू अडीच ओळी गेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी सहाव्या परिच्छेदावर उडी मारली आणि संपवलं.

उत्तराचं भाषण त्यांनी केलंच नाही. म्हणाले, "दम लागतो. मी यादी वाचतो." आजारी वाचले. परीक्षेचे वाचले. प्रवासात असलेल्यांत त्यांनी आधी स्वतःचं नाव वाचलं, मग पाळकीणबाईंचं, मग माझ्या भावाचं. मग शास्त्रातला तो कागद सगळ्यांसमोर सुभेदारकाकांच्या हातात दिला. "नियम सगळ्यांना माहीत आहे," एवढंच बोलले.

बाहेर अंगणात हारांचा कचरा गोळा होत असताना आईने सुभेदारकाकांना अडवलं. मी तिच्या मागे होते.

"भाऊ, त्याचं नाव वाचाल ना?"

"वहिनी, मी वर्षातून एकदा वाचीन. मृतांच्या स्मरणाच्या रविवारी. मानाने वाचीन."

"मेला असता तर मीच सांगितलं असतं तुम्हाला."

"मला तीस माणसं सांभाळायची आहेत. तो मागे बसतो ना, तो माझ्यासाठी येत नाही. त्या नावासाठी येतो. नाव बंद, तो बंद."

तेव्हा माझी आई, जी जन्मात कुणाच्या पाया पडू नये असंच शिकली होती, त्या दगडी अंगणात वाकली आणि त्यांच्या बुटांवर हात ठेवला. सुभेदारकाका एकदम मागे सरले. "वहिनी! अहो, हे काय! लोक बघतायत!"

"मग वाचा."

"नाही वाचणार," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी कबूल करते. पण वाचणार नाही, हेच ते म्हणाले.

बुधवारी हावड्याला आम्ही दोघी गेलो. पाळकीणबाई खिडकीशी, पाळकसाहेब दारात, काखोटीला फडक्यात बांधलेली चौकट. आईने दशम्यांचा डबा दिला, लिंबाचं लोणचं दिलं. पिशवीत पोस्टकार्ड घातलं नाही. गाडी हलायच्या आधी तिने दाराची दांडी धरली.

"पाळकसाहेब, पोहोचल्याचं पत्र पाठवू नका."

"का हो?"

"तुम्ही पोहोचलात की प्रवाशांची यादी मिटली. तुम्ही पोहोचला नाहीत तर त्यांना ती उघडावी लागेल. तुमचं नाव ते टाळायचे नाहीत. एकदा उघडली, तर खाली त्याचंही नाव आहे."

पाळकसाहेब घाम पुसत होते. "म्हणजे मी पोहोचायचंच नाही?"

"नका पोहोचू."

पाळकीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "बाई गं, माझे तर आत्ताच पाय सुजलेत!" आणि रडायला लागल्या. गाडी हलली. पाळकसाहेबांनी हो म्हटलं की नाही, आम्हाला ऐकू आलं नाही. आई फलाट संपेपर्यंत चालत गेली आणि तिथेच उभी राहिली. मला तिचा दंड धरून परत आणावं लागलं.

जूनच्या तिसऱ्या रविवारी तिघंही गेलो, पपासुद्धा. ते पुरुषांच्या बाजूला पुढे बसले. शेवटच्या बाकावर तो माणूस होता. सुभेदारकाका ताठ उभे राहिले, उपासना कवायतीसारखी चालवली, आणि यादीची वेळ आली तेव्हा खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पाळकसाहेबांचं पत्र आहे," ते म्हणाले आणि वाचलं. "'मंडळीस सप्रेम सलाम. आम्ही अजून पोहोचलो नाही. नियमाप्रमाणे चालवावे.'" त्यांनी कार्ड उलटं केलं, चष्मा वर केला. "शिक्का नगरचा आहे."

कुणीतरी हसलं. सुभेदारकाका हसले नाहीत. त्यांनी कार्ड परत खिशात घातलं. मग कागद उघडला. पाळकसाहेबांचं नाव वाचलं. पाळकीणबाईंचं वाचलं. नजर एकदा शेवटच्या बाकाकडे गेली. त्यांनी कागद मिटला.

"प्रवासी संपले. आपण उभे राहून—"

मी उभी राहिले. काही ठरवून नव्हे. आई बाकावर हात टेकून उठायला बघत होती, ते बघून उठले. मी भावाचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, जसं ठाण्याच्या वहीत असायला हवं होतं तसं. आणि म्हणाले, "प्रवासात आहे. पत्र आलेलं नाही."

आवाज चौकसभेचा लागला. त्या उंच छतात तो फिरत राहिला. कुणी मान वळवली नाही. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणावं, खाली बस म्हणावं, काहीही म्हणावं.

"आमेन," पुरुषांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. पपा होते. डिसेंबरनंतर चारचौघांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द.

बाहेर आल्यावर सुभेदारकाका माझ्याजवळ आले. मी भांडायच्या तयारीत होते. ते चपलेने फरशीवरचा झेंडूचा एक वाळका तुरा सरकवत म्हणाले, "फार ओरडतेस. पुढच्या वेळी जरा हळू घे."

त्यानंतर दर तिसऱ्या रविवारी मी ते म्हणते. सुभेदारकाका दोन नावं वाचून थांबायचे, माझ्याकडे न बघता थांबायचे, आणि मी तिसरं म्हणायचे. त्यांच्या मुलाची नोकरी टिकली. शेवटच्या बाकावरचा माणूस वर्षभराने यायचा बंद झाला, त्यात माझ्या धैर्याचा काही संबंध नव्हता, त्याला दुसरीकडे काम लागलं असेल. गेल्या पावसाळ्यात नगरहून पाळकीणबाईंचं पत्र आलं की पाळकसाहेब गेले, आणि त्या आता लेकीकडे सुखरूप आहेत. सुभेदारकाकांनी दोन्ही नावं खोडली. रेघ वाकडी गेली. कागदावर प्रवाशांत आता एकच नाव उरलं आहे.

मी देव अजून मानत नाही. भाऊ मेला असं मला वाटतं. सोमवारी एस्प्लनेडला उभी राहून मी जे पत्रक वाटते त्यात मागणी आहे, प्रेतं तरी द्या, आणि तिथे मी 'कदाचित' लिहीत नाही. तिसऱ्या रविवारी मी म्हणते, तो प्रवासात आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. ह्यातलं एक खोडायचं असेल तर त्यांनी येऊन सांगावं की आम्ही त्याला नेलं आणि त्याचं हे केलं. वहीत लिहावं. खाली सही करावी.

मागच्या महिन्यात यादीचा कागद घडीवर फाटला. आईने नवा घेतला, रकाने आखले, आजारी, परीक्षा, बाळंतपण, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं. मग माझ्या पिशवीत एक कोरं पोस्टकार्ड घातलं, आमच्या घरचा पत्ता लिहिलेलं. म्हणाली, "तू ठाण्यांत, तुरुंगांत जातेस. कुठे भेटलाच तर त्याच्याकडे असावं." मी ते काढून ठेवलं नाही. पत्रकांच्या गठ्ठ्यात ते असतं.